न आलेल्या पेशंटचा खोका: जनरल प्रॅक्टिसमध्ये शुगर-बीपीचं नियोजन

संध्याकाळचे साडेसात. बाकावर ताप, जुलाब, खरचटलेला गुडघा. त्या गर्दीतून एक हात काउंटरवर येतो: "डॉक्टरांना सांगा, त्याच गोळ्या परत लिहून द्या, मी बाहेरच उभा आहे." चिठ्ठी मिळते, माणूस जातो. बीपी मोजलेलं नसतं, बूट-मोजे उतरलेले नसतात, क्रिएटिनिनचा (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) शेवटचा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा असतो. यात आळस कोणाचाच नाही. मुंबईतला दवाखाना रांगेवर चालतो आणि रांग ताप-खोकल्याच्या सोयीची आहे. शुगर, बीपी, दमा, किडनी यांचं नुकसान होतं ते पेशंट आपल्यासमोर नसताना.

म्हणून सुरुवात एका प्रश्नाने करा. गेल्या तीन महिन्यांत यायला हवे होते आणि आले नाहीत, असे आपले पेशंट कोण? नावं सांगता येत नसतील तर आधी वही, मग बाकी सगळं.

वही आणि खोका

जुने केसपेपर उकरत बसू नका. ते काम संपत नाही. चार आठवडे, येईल त्या प्रत्येक शुगर-बीपीवाल्याचं नाव रजिस्टरमध्ये चढवा. रकाने बाराच ठेवा: नाव, वय, मोबाइल, आजार, चालू औषधं, शेवटचं बीपी, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीतून गळणारं प्रथिन), पायांची तपासणी, डोळ्यांची तपासणी, पुढची तारीख. बीपीपासून पुढे प्रत्येक आकड्याला तारीख हवीच. मोबाइलच्या रकान्यात घरातल्या आणखी एकाचा नंबर घ्या, कारण सिम बदलतात आणि रिचार्ज संपतात. तेराव्या-चौदाव्या रकान्याचा मोह टाळा. रकाने वाढले की पहिले पाचही रिकामे राहायला लागतात.

वहीत एक उणीव आहे. कोणी आलं नाही, हे ती स्वतःहून सांगत नाही. त्यासाठी बुटाचा रिकामा खोका घ्या आणि पुठ्ठ्याचे बारा पडदे घालून त्यांवर महिन्यांची नावं लिहा. प्रत्येक पेशंटचं पोस्टकार्डाएवढं एक कार्ड करा. आज जूनमध्ये आलेल्याला सप्टेंबरात बोलावलं, तर कार्ड सप्टेंबरच्या कप्प्यात. तो आला की कार्ड पुढे सरकतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कप्प्यात जी कार्डं उरतात, तीच न आलेल्यांची यादी; वेगळी करावी लागत नाही. कॉम्प्युटरवर तक्ता ठेवणाऱ्यांनी पुढच्या तारखेवर चाळणी लावली की हेच मिळतं. फक्त ती चाळणी कोण लावणार आणि कोणत्या वारी, हे ठरलेलं हवं.

उरलेल्या कार्डांना फोन करायचा. तो काउंटरवरच्या व्यक्तीने करावा, डॉक्टरांनी नव्हे. डॉक्टरांचा फोन आला की घरात धसका बसतो. वेळ सकाळी अकरा ते बारा किंवा रात्री आठनंतर. सुरुवातीचं वाक्य लिहून द्या: "मावशी, दवाखान्यातून बोलतेय. तुमच्या गोळ्या संपत आल्या असतील ना, म्हणून फोन केला. गुरुवारी सव्वातीनला याल का?" "आला का नाहीत?" असं विचारू नये. ज्याच्याकडे पैसे नव्हते किंवा ज्याने मध्येच कोणाचा काढा सुरू केला, तो या प्रश्नावर खोटं बोलतो आणि मग कायमचा दुरावतो. दोन फोन आणि एक मेसेज होऊनही प्रतिसाद नाही, तर कार्डावर तसं लिहून पुढच्या महिन्यात सरकवा. फाडू नका.

वेळेचा हिशेब

समजा वहीत ३०० पेशंट झाले. कार्डावर रंगीत गोल स्टिकर लावा. हिरवा म्हणजे आकडे आटोक्यात: दर तीन महिन्यांनी भेट. पिवळा म्हणजे बीपी किंवा शुगर ठरलेल्या आकड्याच्या वर: आटोक्यात येईपर्यंत दर महिन्याला. लाल म्हणजे इन्सुलिनवर असलेला, एचबीएवनसी ९ च्या वर, बीपी १६०/१०० च्या वर, ईजीएफआर (किडनीची रक्त गाळण्याची क्षमता) ४५ च्या खाली, पायाला कधीही जखम झालेला, किंवा नुकताच हॉस्पिटलातून सुटलेला: महिन्याला भेट आणि मध्ये एक फोन. सरासरी वर्षाला पाच भेटी धरल्या तर १,५०० भेटी होतात. ५० आठवड्यांत वाटल्या की आठवड्याला ३०.

डॉक्टरांची १० मिनिटं धरली तर आठवड्याचे पाच तास. हे जमतं. अडतं ते दुसरीकडेच. सहाय्यकाला एका पेशंटमागे १५ मिनिटं लागतात, म्हणजे आठवड्याचे साडेसात तास, आणि नेमका हाच आकडा कोणी मोजत नाही. सहाय्यक एकच असेल तर अडीच तासांत दहाच पेशंट होतात. तेव्हा एका वेळी पंधरा बोलावू नका. अडीच-अडीच तासांची तीन सत्रं ठेवा: दोन दुपारी, दवाखाना एरवी बंद असतो त्या वेळेत, आणि एक रविवारी सकाळी नोकरदारांसाठी. "दुपारी या" सांगितलं की सगळे तीनला येतात आणि पुन्हा रांग लागते. ३:००, ३:१५, ३:३० अशी वेळ कार्डावर लिहून द्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिपोर्ट भेटीच्या आधी हवेत. पेशंट आला, तपासणी लिहून दिली, रिपोर्ट घेऊन पुन्हा आलाच नाही, अशा भेटीतून काही निष्पन्न होत नाही. आठवडाभर आधी काउंटरने कार्ड बघावं, कोणती तपासणी मुदतीबाहेर गेली ते पाहावं आणि लॅबच्या मुलाला घरी पाठवावं. मुदती भिंतीवर लावा. एचबीएवनसी आटोक्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी, असेल तर सहा. क्रिएटिनिन, ईजीएफआर, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, लिपिड (रक्तातली चरबी), डोळ्यांचा पडदा आणि पाय वर्षातून एकदा. किडनीवर परिणाम दिसत असेल तर किडनीच्या तपासण्या त्याहून लवकर. एवढंच पुरे. ज्या दवाखान्यात लॅबकडून कट येतो तिथे ही यादी आपोआप लांबते. पेशंटला ते कळतं आणि मग तो गरजेची तपासणीही टाळतो.

सहाय्यकाची पंधरा मिनिटं

टीम म्हटलं की आहारतज्ज्ञ, फिजिओ, समुपदेशक असं चित्र डोळ्यांपुढे येतं. वस्तीतल्या दवाखान्यात टीम म्हणजे कंपाउंडर, काउंटरवरची मुलगी, लॅबचा मुलगा आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. एवढ्यावर काम होतं, कोणी काय करायचं ते कागदावर असेल तर. औषधाची मात्रा बदलणं फक्त डॉक्टरांचं. मोजणं, विचारणं, बघणं, नोंदवणं सहाय्यकाचं.

बीपी आधी मोजू नका. पेशंट स्टेशनचा जिना चढून, घामाघूम होऊन आलेला असतो. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी न घालता बसवा. लघवी करून यायला सांगा. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर लिहून ठेवा. पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या पातळीला, आणि मोजताना दोघांनीही गप्प. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहा. पट्ट्याच्या आतल्या रबरी पिशवीने दंडाचा ८० टक्के घेर व्यापला पाहिजे. जाड दंडाला मध्यम पट्टा गुंडाळला की बीपी खोटं वाढलेलं दिसतं आणि फुकट एक गोळी वाढते. मोठा पट्टा विकत घ्या. वर्षभरात एवढा उपयोगी पडणारा दुसरा खर्च नाही. साठीच्या पुढच्यांना आणि जुन्या शुगरवाल्यांना उभं करून तीन मिनिटांत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा त्याहून जास्त पडला तर डॉक्टरांना सांगा. हा माणूस पहाटे बाथरूममध्ये पडणार असतो.

मग पाय. दोन्ही मोजे उतरवा. बोटांच्या बेचक्यात बघा, कारण पावसाळ्यात चिखल्या तिथेच होतात आणि जंतू तिथूनच आत शिरतात. टाच, नखं, घट्टे. बुटात हात घालून खडा किंवा वर आलेला खिळा चाचपा. बधिर पायाला तो जाणवत नाही. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का ते तपासायचा नायलॉनचा धागा) अंगठ्याच्या पेरावर आणि तळव्याच्या पुढच्या उंचवट्यावर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बोटाखाली टेकवा, पेशंटचे डोळे मिटलेले. धागा वाकेपर्यंत दाबून एक-दोन सेकंदांत उचला. घट्ट्यावर टेकवू नका. दहा पेशंट झाले की त्या धाग्याला दिवसभर विश्रांती द्या, नाहीतर तो लुळा पडतो आणि चांगला पायही बधिर ठरतो.

काही आकडे आणि खुणा दिसल्या की सहाय्यकाने उरलेलं सोडून डॉक्टरांना उठवायचं: बीपी १८०/११० किंवा त्यावर, वरचं बीपी १०० च्या खाली, शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर, छातीत दुखणं, दम लागणं, अचानक बोलणं अडखळणं किंवा अर्धं अंग कमजोर वाटणं, पायाची जखम, काळं पडलेलं बोट. पंधरा मिनिटांची वाट बघायची नाही.

पिशवी उलटी करा

"चालू औषधं कोणती?" याचं तोंडी उत्तर बहुतेक वेळा चुकीचं येतं. बोलावतानाच सांगा: घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, गुडघ्याच्या आणि गॅसच्याही. पिशवी टेबलावर उलटी करायची, पट्ट्या ओळीने लावायच्या आणि ब्रँडचं नाव न वाचता मागचं बारीक अक्षरातलं घटकद्रव्य वाचायचं. तेव्हा दिसतं की एका पट्टीत टेल्मिसार्टन-अम्लोडिपिन (दोन्ही बीपीची औषधं) आहे आणि दुसरीत नुसतं अम्लोडिपिन. शुगरची एक ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन आपली, एक हॉस्पिटलातल्या चिठ्ठीवरची, आणि पेशंट दोन्ही मुकाट घेतोय. पाय सुजले म्हणून कोणीतरी लघवीची गोळी दिलेली असते. सूज अम्लोडिपिनची असते. तळाशी हमखास डायक्लोफिनॅक, म्हणजे दुखण्यावरची गोळी, सापडते. ती बीपी वाढवते, किडनीला मारते आणि टेल्मिसार्टन व लघवीच्या गोळीबरोबर घेतली तर जास्तच.

"गोळ्या नियमित घेता ना?" या प्रश्नाला "हो" हे एकच उत्तर आहे. त्याऐवजी विचारा: "गेल्या आठवड्यात किती दिवस गोळी राहून गेली?" यात राहून जाणं साहजिक आहे हे गृहीत असल्याने माणूस मोकळेपणाने सांगतो. मग पट्टीवरच्या रिकाम्या खाचा मोजा.

इन्सुलिनवाल्याची सिरिंजही पिशवीतून येऊ द्या. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं. त्याला लाल टोपीची सिरिंज. मिलिलिटरला १०० युनिटवाल्याला नारंगी टोपीची. मेडिकलमध्ये लाल संपली म्हणून नारंगी दिली आणि ४० वाल्या बाटलीतून २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर शरीरात आठच युनिट जातात. शुगर वाढत राहते आणि आपण मात्रा वाढवत बसतो. उलट चुकीत अडीच पट इन्सुलिन जातं. त्यात माणूस बेशुद्ध पडतो. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये कधीच नाही. वापरात असलेली खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालते, पण खोली ३० अंशांच्या वर तापत असेल तर नाही, आणि पत्र्याच्या घरात मे महिन्यात ती तापतेच. तिथे माठाच्या गार बुडाशी, कोरड्या डब्यात ठेवायला सांगा.

दम्याच्या पेशंटला रोटाहेलर (कॅप्सूलमधली औषधाची पूड श्वासातून ओढायचं साधन) तुमच्यासमोर वापरून दाखवायला लावा. त्यातल्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पेशंट आजही भेटतात, आणि चिठ्ठीवर "दिवसातून दोनदा" एवढंच लिहिलं असेल तर चूक त्यांची नाही.

एक पानी योजना

ऑस्ट्रेलियात २००५ पासून जनरल प्रॅक्टिशनरने जुनाट आजाराची अशी लेखी योजना केली की सरकारी विम्यातून त्याचे पैसे मिळतात. १ जुलै २०२५ पासून तिथे दोन वेगळ्या कागदांचा मिळून एकच केला. आपल्याकडे या कागदाचे पैसे कोणी देत नाही. म्हणून तो एका पानाचा आणि दहा मिनिटांत भरला जाईल असाच हवा. एक प्रत पेशंटकडे, त्याला वाचता येईल त्या भाषेत, एक फाइलला.

पानावर पाच गोष्टी: आजचे आणि हवे असलेले आकडे; गोळ्या, त्या कशासाठी आणि केव्हा; पेशंट स्वतः करणार असलेली एकच गोष्ट; कोणाकडे जायचं आणि कधीपर्यंत; कशासाठी लगेच फोन करायचा.

नमुना घेऊ. ५६ वर्षांचे टॅक्सीचालक, ११ वर्षं शुगर. बीपी १५२/९४, एचबीएवनसी ८.८, ईजीएफआर ५२, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ९०, म्हणजे ३० या मर्यादेच्या वर. अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. त्यांची तक्रार यातल्या एकाही आकड्याची नाही. रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर डुलकी येते, ही त्यांची तक्रार. योजना तिथूनच सुरू करायची: शुगर उतरली की रात्रीचं उठणं कमी होईल.

ग्लिमेपिराइडची गोळी ते सकाळी सातला घेतात आणि पहिलं जेवण बारानंतर होतं. अकराला हात थरथरतात तेव्हा वडापाव आणि गोड चहा. गोळी पहिल्या जेवणाच्या लगेच आधी सरकवायची. दिवसाला पाच कटिंग, प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर दहा चमचे, म्हणजे ५० ग्रॅम. त्यांची एकच गोष्ट: टपरीवर बिनसाखरेचा सांगायचा. भात, आंबा, फरसाण यांबद्दल आज एक शब्द नाही. पाच गोष्टी सांगितल्या तर पाचही राहतात.

बीपी आणि अल्ब्युमिनसाठी टेल्मिसार्टन जोडायची. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, आणि ती तारीख कार्डावर. क्रिएटिनिन आधीच्यापेक्षा ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून गोळी बंद करू नका. त्यापुढे गेलं तर थांबवून कारण शोधा. किडनी पाहता डापाग्लिफ्लोझिनचाही (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी) विचार करावा, पण तिने लघवी वाढते, आणि शहरात गाडी लावून स्वच्छतागृह शोधणं काय असतं ते टॅक्सीवाल्याला विचारा. हे आधी बोलला नाहीत तर चौथ्या दिवशी गोळी बंद होईल आणि आपल्याला तीन महिन्यांनी कळेल. म्हणून ती पुढच्या भेटीला, सुट्टीच्या दिवशी सुरू करायची. लघवीच्या जागेवर खाज आली तर कळवायचं आणि उलट्या-जुलाब झाले तर थांबवायची, हेही पानावर.

डोळ्यांचा पडदा महिन्याभरात. पिशवीत निघालेली कंबरदुखीची गोळी बंद, फिजिओकडून व्यायाम. बायकोला किंवा मुलाला पुढच्या भेटीला सोबत आणायला सांगा, कारण मिठाची बरणी टॅक्सीचालकांच्या स्वतःच्या हाती नसते.

मिठाबद्दल "कमी खा" सांगून काही होत नाही. हिशेब द्या. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणजे चौघांच्या घरात किलोचं पाकीट निदान ५० दिवस पुरलं पाहिजे. महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅम होतात, आणि त्यात लोणचं, पापड, सुकट, सुके बोंबील, फरसाण धरलेलंच नाही. पाकीट फोडल्याची तारीख त्यावरच लिहायला सांगा.

पायरी चढवा, नाहीतर कारण लिहा

आकडा वर असताना "पुढच्या वेळी बघू" म्हणणं हा डॉक्टरांचा जुना आजार. त्यावर एकच औषध: बीपी ठरलेल्या आकड्याच्या वर असेल तर आज औषध बदलायचं, किंवा का बदललं नाही ते एका ओळीत लिहायचं. सर्वसाधारण उद्दिष्ट १४०/९० च्या आत, शुगर किंवा किडनीचा त्रास असेल आणि झेपत असेल तर १३०/८० च्या आत. पायऱ्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. उदाहरणार्थ अम्लोडिपिन ५, मग टेल्मिसार्टन ४० ची जोड, मग दोन्हींची मात्रा वाढवणं, मग क्लोरथॅलिडोन (लघवीची गोळी) १२.५. प्रत्येक पायरीला चार आठवडे. पिशवी उलटी केल्याशिवाय आणि पट्टा तपासल्याशिवाय पायरी चढू नका. मूल होण्याचं वय असलेल्या बाईला टेल्मिसार्टन देण्याआधी गर्भधारणेचं विचारलंच पाहिजे.

एचबीएवनसीही डोळे झाकून मानू नये. लोहाच्या कमतरतेत ती खोटी वाढलेली दिसते, रक्त दिल्यावर किंवा रक्तपेशी लवकर फुटणाऱ्या आजारात खोटी कमी. ग्लुकोमीटरचे आकडे आणि रिपोर्ट जुळत नसतील तर हिमोग्लोबिन बघा. ग्लुकोमीटरही बघा. मुंबईच्या दमट हवेत स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की स्ट्रिपा बिघडतात, आणि आंबा कापून हात न धुता टोचलं तर शुगर आंब्याची येते.

कॅलेंडर बघून योजना

मेमध्ये आणि गणपतीला निम्मी वाडी कोकणात जाते. परतीचं तिकीट पुढे सरकतं आणि गोळ्या संपतात. गणपतीच्या तीन आठवडे आधी सगळ्यांच्या चिठ्ठ्या पंधरा दिवसांनी वाढवा. पावसाळ्याआधी फ्लूची लस. मुंबईत फ्लू पावसाळ्यातच वाढतो. गुडघाभर पाण्यातून चालत घरी पोचलेल्या शुगरवाल्याने त्याच रात्री पाय धुऊन, बोटांमधलं पाणी टिपून, उजेडात बघायचे, आणि लेप्टोच्या (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधक गोळीसाठी डॉक्टरांना विचारायचं.

उपास हा वेगळा विषय आहे. संकष्टीला जेवण चंद्रोदयानंतर, रात्री उशिरा. सकाळची ग्लिमेपिराइड घेतली तर दुपारी शुगर पडते. दुसरा माणूस त्याच दिवशी तीनदा साबुदाण्याची खिचडी खाऊन शुगर ३०० ला नेतो. उपास सोडा म्हणू नका, सुटत नाही. उपासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही हे योजनेच्या मागच्या बाजूला नावानिशी लिहून द्या. रमजानची मात्रा महिना-दीड महिना आधी ठरवा. शुगर पडल्याची खूण आणि उपाय सगळ्यांनाच माहीत हवा: घाम, थरथर, भोवळ ही खूण; उपाय अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, सुधारलं की काहीतरी खायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

उलट्या-जुलाब लागून पाणीही ठरत नसेल तर मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी तात्पुरती थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात फोन करायचा. इन्सुलिन मात्र मनाने बंद करायचं नाही. हेही मागच्या बाजूला.

दवाखान्याबाहेरची माणसं

मेडिकलवाल्याशी दोन गोष्टी ठरवा: ब्रँड बदलला तर घटकद्रव्य दाखवून द्यायचं, आणि चिठ्ठी महिन्याभराहून जुनी असेल तर तिची आठवण पेशंटला करून द्यायची. महागड्या गोळ्या न झेपणाऱ्याला जनऔषधी केंद्र किंवा महापालिकेचा आपला दवाखाना सुचवा. पेशंट गमावण्याची भीती वाटत असेल तर तो गोळ्या न घेता घरी बसलाय हे आठवा. केईएम, सायन किंवा नायरला पाठवताना "फॉर फर्दर मॅनेजमेंट" लिहू नका. तिथला निवासी डॉक्टर दोन मिनिटं देणार आहे, त्याला प्रश्न हवा: "ईजीएफआर वर्षभरात ६१ वरून ४४ वर, लघवीत अल्ब्युमिन, कारण आणि पुढचे उपचार सुचवावेत." सोबत औषधांची यादी, आणि पेशंटला ताकीद: केसपेपर आधी आपल्याकडे दाखवायचा, मग नव्या गोळ्या सुरू.

शुगरवाल्याचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त चालला तर थुंकीची तपासणी करा. शुगरमध्ये टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, आणि टीबी निघाला तर निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद बंधनकारक आहे. टीबीचं औषध रिफाम्पिसिन सुरू झालं की ग्लिमेपिराइड आणि अम्लोडिपिन दोन्हींचा जोर ओसरतो, तेव्हा ते कार्ड लाल करा.

फोनवरून औषधं वाढवून देता येतात. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार समक्ष भेटीपासून सहा महिन्यांच्या आत, त्याच आजारासाठी. पेशंटचे रिपोर्ट मात्र दवाखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

महिनाअखेर

पाऊण तास, चहा, सगळी टीम. तीनच आकडे: वहीतल्या किती जणांचं गेल्या तीन महिन्यांतलं बीपी आटोक्यात, कितींची लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वर्षभरात झाली, खोक्यात किती कार्डं उरली. न आलेला पेशंट आटोक्याबाहेर धरायचा. हा नियम मोडला की आकडा छान दिसायला लागतो, कारण जे येतात त्यांचं बरंच चाललेलं असतं. एका महिन्यात एकच गोष्ट दुरुस्त करा.

कार्ड खोक्यातून काढायचं ते दोनच कारणांनी. एक, पेशंट वारला. तेव्हा घरी फोन करावा. दुसरं मुंबईत सारखं घडतं: चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, माणसं ट्रान्झिट कॅम्पात, विरार-बदलापूरला गेली. घर रिकामं करायची नोटीस लागली असं कानावर आलं की त्या पत्त्यावरची सगळी कार्डं बाजूला काढा. प्रत्येकाला एका पानावर आजार, चालू औषधं मात्रेसह, शेवटचे रिपोर्ट तारखेसह, कोणत्या औषधाने त्रास झाला होता आणि पुढची तपासणी केव्हा, असं लिहून द्या. नवा नंबर घ्या. तिथला डॉक्टर सापडल्याचं त्यांच्याकडून कळेपर्यंत कार्ड खोक्यातच राहू द्या.